साडूसह होडी भाड्याने घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना

कॅरिबियन समुद्रात शिडाची होडी भाड्याने घेऊन आठवडाभर बेटाबेटांतून हिंडावे, असा विचार ज्यांच्या मनात आला असेल त्यांच्या उपयोगासाठी प्रस्तुत सूचना तयार केल्या आहेत. ज्यांच्या मनात असा विचार आलेला नाही, परंतु ज्यांच्या साडूच्या मनात आला आहे, त्यांनी त्या दोनदा वाचाव्यात.

लेखकाची पात्रता: राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षे नोकरी, पैकी एकोणीस कर्ज विभागात. जलवाहतुकीचा अनुभव: वेंगुर्ले शाखेत असताना दोन ट्रॉलरना मंजूर केलेले कर्ज. पहिल्याची परतफेड मुदतीआधी झाली. दुसऱ्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

साडूची पात्रता: मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. व्यवसाय संगणक. कुठलीही वस्तू छापील किमतीला घेणे म्हणजे पूर्वजांचा अपमान, अशी श्रद्धा. चार शनिवार-रविवार एका तळ्यावर शिडाची होडी चालवायला शिकल्याचे प्रमाणपत्र. ते फ्रेम करून दिवाणखान्यात, देवांच्या तसबिरींपेक्षा दोन बोटे वर.

सूचना १. आधी समुद्र ठरवावा, मग कंपनी.

कॅरिबियन म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला समुद्र दिसत नाही, रेडिओ ऐकू येतो. १९७१ साल, पोर्ट ऑफ स्पेन, वाडेकर कर्णधार, सरदेसाई फॉर्मात आणि गावसकर नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा चार कसोट्यांत ७७४ धावा करतोय. त्यामुळे साडूने ‘कॅरिबियनला जाऊ या’ म्हटल्याबरोबर मी होकार देऊन मोकळा झालो. तिकिटं निघाल्यावर कळलं की आपण टॉर्टोला नावाच्या बेटावर चाललो आहोत आणि पोर्ट ऑफ स्पेन तिथून नऊशे किलोमीटर दक्षिणेला आहे. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ असं मी सुचवून पाहिलं. सौ.ने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पण निवड बरोबर होती हे मान्य करायला हवं. टॉर्टोला हे ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधलं मुख्य बेट. त्याच्या दक्षिणेला सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल नावाची सामुद्रधुनी आहे आणि तिच्या पलीकडे नॉर्मन, पीटर, कूपर अशी बेटांची माळ. त्यामुळे मोकळ्या समुद्राच्या लाटा आत फारशा येत नाहीत. एका बेटावरून पुढचं बेट दिसतं. दोन-तीन तासांत मुक्काम येतो. वारा पूर्वेकडून, इमानेइतबारे. शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘व्यापारी वारे म्हणजे काय’ याचं उत्तर मी तीन वर्षं घोकलं होतं. ते वारे प्रत्यक्षात असतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. नवशिक्याने इथेच यावं. दक्षिणेकडची ग्रेनेडीन्स बेटं सुंदर आहेत, पण तिथे मधलं पाणी उघडं आणि लाटा दांडग्या. ते दुसऱ्या खेपेला, आणि शक्यतो दुसऱ्या साडूबरोबर.

होड्या भाड्याने देण्याचा धंदाही इथे मुरलेला आहे. १९६९ साली ‘द मुरिंग्ज’ ही कंपनी टॉर्टोलातच सहा होड्यांनिशी सुरू झाली. आज धक्क्यावर उभं राहिलं तर डोलकाठ्यांचं रान दिसतं. बेटं ब्रिटिशांची, चलन अमेरिकेचं, गाड्या रस्त्याच्या डावीकडून धावतात आणि बहुतेकांचं स्टिअरिंगही डावीकडेच. पाण्यात राहिलेलं बरं.

सूचना २. अर्ध्या किमतीतला सप्टेंबर घेऊ नये.

साडूने पहिल्यांदा सप्टेंबरचा पहिला आठवडा पक्का केला होता. ‘दादा, निम्मे पैसे! निम्मे!’ असा फोन आला. बँकेत निम्म्या भावात फक्त लिलावातल्या वस्तू मिळतात, हे मला त्याच वेळी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. आम्हाला वाचवलं ते सौ.ने. ‘गणपतीत कोण घर सोडून जातं?’ एवढंच ती म्हणाली, आणि सप्टेंबर रद्द झाला.

मग मी माहिती काढली. तिथला वादळांचा ऋतू १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातला ऐन जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटतो, साधारण तेव्हाच तिथला शहाणा माणूस आपली होडी दुहेरी-तिहेरी दोरांनी बांधू लागतो. ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा हे वादळ या बेटांवरून गेलं. वाऱ्याचा वेग तासाला २९० किलोमीटरच्या वर. पॅराक्विटा बे ही वादळात आसऱ्याला होड्या नेऊन ठेवायची जागा. तिथे होड्या एकमेकींवर चढून त्यांचा ढीग झाला. साडूने निवडलेल्या आठवड्यात कोणती तारीख येत होती ते मी त्यांना कळवलं. त्यावर उत्तर आलं, ‘पण ते २०१७ ला झालं ना.’

तात्पर्य: करारातलं वादळाचं कलम आधी वाचावं. वादळ आलं तर पैसे परत, पुढची तारीख, की नुसती सहानुभूती? आणि प्रवासाचा विमा वादळाचं बारसं व्हायच्या आत काढावा. एकदा त्याला नाव मिळालं की त्याच्यासाठी नवा विमा मिळत नाही.

सूचना ३. नाताळातही जाऊ नये. तेव्हा वारे आणि दर दोन्ही चढलेले असतात. आम्ही मे महिन्यात गेलो. वारा माफक, गर्दी पांगलेली, भाडं उतरलेलं. या निर्णयाचं श्रेय साडू घेतात.

सूचना ४. जी कंपनी तुमच्यावर संशय घेईल तिच्यावर विश्वास ठेवावा.

ही या सूचनावलीतली मुख्य सूचना आहे. बाकीच्या विसरल्या तरी चालतील.

साडूला हवी होती ‘बेअरबोट’. म्हणजे नुसती होडी. होडीवाला नाही, खलाशी नाही, आचारी नाही, आणि काही बिनसलं तर ज्याच्यावर ओरडावं असा परका माणूसही नाही. त्यांनी तीन कंपन्यांना लिहिलं. पहिलीचं उत्तर चौदा मिनिटांत आलं: अभिनंदन, कार्डाचा क्रमांक पाठवा. दुसरीने एक माहितीपत्रक पाठवलं, त्यात होडीच्या टोकावर एक तरुणी पहुडली होती आणि होडीविषयी एक अक्षर नव्हतं. तिसरीने दोन पानी प्रश्नावली पाठवली. किती फुटी होडी चालवली आहे? कुठल्या पाण्यात? किती दिवस? रात्र नांगरावर काढली आहे का? नांगर घसरला होता का? घसरला तेव्हा काय केलंत?

साडूने नोकरीच्या अर्जाला जोडतात तशी माहिती भरून पाठवली. त्यात ‘सहा जणांच्या चमूचे नेतृत्व’ होतं आणि ‘क्लाउड क्षेत्रातील चौदा वर्षांचा अनुभव’ होता. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीतल्या बाईंचं नम्र उत्तर आलं. ढगांचा अनुभव वाचून आनंद झाला, वाऱ्याचा किती आहे तेही कळवावं. आणि तळ्यावरचा अनुभव पाहता पहिले दोन दिवस आमचा कप्तान बरोबर घ्यावा. त्याने पसंती दिली तर पुढे होडी तुमची.

साडू तीन दिवस जेवले नाहीत, म्हणजे मेहुणीच्या शब्दांत, दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. त्यांच्या मते पहिली कंपनी ‘ग्राहकाचा सन्मान करणारी’ होती. मी तिसरीच घ्यायची म्हणून अडून बसलो. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसून मी लोकांना हेच विचारत आलो होतो: उत्पन्न किती, जामीन कोण, मागच्या कर्जाचं काय झालं. लोकांना तो अपमान वाटायचा. पण लगेच हो म्हणतो तो सावकार, आणि तीनदा कागद परत पाठवते ती बँक. ज्याला आपली होडी परत हवी आहे तो चौकशी करतोच. ज्याला फक्त तुमची अनामत हवी आहे तो कशाला करेल?

चांगल्या कंपनीच्या आणखी खुणा याच जातीच्या असतात. ती अंधार पडल्यावर होडी हाकायला बंदी घालते. ॲनेगाडा बेटावर जायचं म्हटलं की कपाळाला आठ्या घालते; कारण ते बेट प्रवाळाचं, सपाट, त्यावरची सर्वांत उंच जागा जेमतेम २८ फूट, आणि बाजूला हॉर्सशू रीफ नावाचा लांबलचक खडक पाण्याखाली टपलेला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकीसुद्धा त्याहून उंच आहे. ती कंपनी निघण्यापूर्वी तासभर नकाशा पसरून शिकवते, जांभया आल्या तरी शिकवते. त्या तासात मला कळलं की बंदरात शिरताना लाल तरंडी आपल्या देशात डाव्या हाताला ठेवतात आणि अमेरिका खंडाच्या पाण्यात उजव्या. हे कुणी सांगितलं नसतं तर आम्ही देशभक्तीपोटी खडकावर गेलो असतो.

सूचना ५. होडीचं वय विचारावं, आणि तिचा धनी कोण तेही.

पुष्कळ कंपन्यांच्या होड्या कंपनीच्या नसतात. कुणी हौशी गुंतवणूकदार ती विकत घेतो, पाचेक वर्षं कंपनीकडे लावतो, भाड्यातून त्याचे हप्ते फिटतात. मुदत संपली की ती होडी बहुधा स्वस्त कंपनीकडे जाते. पुण्यात दमलेली रिक्षा तालुक्याच्या गावी जाते, तसंच. म्हातारी होडी वाईटच असते असं नाही. निगा राखली असेल तर उत्तम चालते. पण मग तिचं वय लपवू नये. ‘आमच्या सर्व होड्या उत्कृष्ट स्थितीत आहेत’ हे उत्तर नव्हे. स्थळ सांगून आलेल्या मुलाच्या बापाने पगार विचारल्यावर ‘घराणं चांगलं आहे’ म्हणावं, तसलं ते आहे.

सूचना ६. बोट लागणाऱ्यांनी कॅटामरान घ्यावी.

कॅटामरान म्हणजे दोन पोटांची होडी. हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला: बांधलेली लाकडं. आपल्याच किनाऱ्यावरचं नाव जगभर फिरून डॉलरमध्ये परत येतं. एका पोटाची होडी वाऱ्यात कलते, तिच्यात चहाचा कप ठेवता येत नाही. पण तिला खरी होडी म्हणणारे लोक कप ठेवण्याला पौरुषाचा अभाव समजतात. साडू त्या पंथाचे. सौ. वेंगुर्ल्याला असताना साध्या होडीत आवळासुपारी तोंडात धरून बसायची. मतदान झालं. कॅटामरानला पाच मतं, साडूला एक.

सूचना ७. अनामत.

प्रकार दोन. एक, मोठी अनामत ठेवा, होडी धड आणली तर परत मिळते. दोन, थोडे पैसे भरा, ते कायमचे गेले, पण नुकसान झालं तर तुमच्यावरची जबाबदारी मर्यादित. दुसरा प्रकार घ्यावा. मात्र त्यात काय बसत नाही ते विचारावं: किनाऱ्यावर जायची छोटी रबरी होडी हरवली तर? पंख्यात दोर अडकला तर? होडी वाळूत रुतली तर? या प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्यावीत. साडूने पहिला प्रकार घेतला, कारण ‘परत मिळतात ना पैसे’. मग आठवडाभर कुणी डेकवर जरा जोरात पाऊल टाकलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर डॉलर हलायचे.

सूचना ८. रविवारी फोन कोण उचलतं ते पाहावं.

पैसे भरण्यापूर्वी, मुद्दाम, रविवारी संध्याकाळी कंपनीच्या तिथल्या तळावर फोन करावा. बाकी सगळी माहितीपत्रकं विसरा. आमचा नांगर उचलायचा यंत्ररहाट तिसऱ्या दिवशी बंद पडला. फोनवरच्या माणसाने आधी विचारलं, ‘इंजिन चालू ठेवून दाबलं होतं का?’ नव्हतं. मग होडीच्या पोटातलं एक बटण सांगितलं, तेही दाबून झालं. तरी हललं नाही, तेव्हा दीड तासात एक माणूस वेगवान बोटीतून आला, रहाट दुरुस्त केला, आणि आमच्याकडचा चिवडा खाऊन गेला. होडीवर काहीतरी बिघडणारच. खारं पाणी कुणाचं ऐकत नाही. बिघडल्यावर येतं कोण, एवढाच प्रश्न असतो.

सूचना ९. गोडं पाणी टाकीत मोजकं असतं. चाळीत राहिलेल्या माणसांना बरोबर न्यावं. आमच्यात तशी दोघं होतो. भाची आणि भाचेजावई न्यू जर्सीत वाढलेले, ते नळ सोडून दात घासतात. दुसऱ्या दिवशी सौ.ने त्यांच्या हातात तांब्या दिला.

सूचना १०. होडीवरच्या संडासात, आधी खाल्लेलं नसेल असं काहीही टाकू नये. ही सूचना तिथल्या भिंतीवरच लिहिलेली असते. आमच्याकडे ती कोणी मोडली ते सांगणार नाही. ते प्रमाणपत्रधारक आहेत.

सूचना ११. खिशात ओल्या नोटांची सोय ठेवावी.

जोस्ट व्हॅन डाइक बेटावरच्या व्हाइट बेला ‘सॉगी डॉलर’ नावाचा बार आहे. त्याला धक्का नाही. होडी उभी करायची, पोहत किनारा गाठायचा आणि भिजलेल्या नोटा काउंटरवर ठेवायच्या, नाव त्यावरूनच. चौतीस वर्षं मी फाटक्या-मळक्या नोटा उजेडात धरून तपासल्या आहेत. इथे गिऱ्हाईक पाणी निथळणारी नोट देतं, पलीकडचा माणूस ती दोरीवर चिमट्याने लटकवतो आणि हसतो. रमची ‘पेनकिलर’ नावाची पेयं आली, त्यावर जायफळ किसलेलं. सौ. म्हणाली, ‘श्रीखंडाचा वास येतोय.’ साडूने किंमत कमी करून मागितली. त्यांना मिळाली नाही, पण जायफळ जास्त मिळालं.

सूचना १२. होडी ताब्यात घेताना लाज बाळगू नये.

ही सूचना मी उलट लिहिणार होतो. म्हणजे, सभ्य माणसाने यादीवर एक नजर टाकावी, सही करावी, आणि कंपनीच्या माणसाला ताटकळत ठेवू नये. कारण साडूने टॉर्टोलाच्या धक्क्यावर जे केलं ते पाहून मी दुसऱ्या होडीतला प्रवासी असल्यासारखा उभा होतो. त्यांनी चमचे मोजले. जीवरक्षक जाकिटं प्रत्येकाच्या अंगावर घालून पाहिली. होडीच्या दोन्ही पोटांवरचा प्रत्येक ओरखडा, तारीख बोलून, फोनवर चित्रित केला. रबरी होडीचं इंजिन चालू करून, बंद करून, पुन्हा चालू केलं. शिडं वर चढवायला लावली. उन्हात दोन तास. मेहुणी म्हणाली, ‘भाजी घेतानाही हे असंच करतात.’

मग ते पुढच्या टोकाला ओणवे झाले आणि नांगर साखळीला जिथे जोडलेला असतो तो आकडा बोटांनी चाचपू लागले. त्या आकड्याच्या खिळीला तार गुंडाळून बांधलेली असायला हवी, नाहीतर हलून हलून खिळी सुटते आणि साखळी तुमच्याकडे, नांगर समुद्राकडे अशी वाटणी होते. तार नव्हती. कंपनीच्या माणसाने पाहिलं, मान डोलावली, पक्कड आणून तार बांधली आणि साडूचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. दोन दिवस बरोबर आलेला सेंट व्हिन्सेंटचा वयस्क कप्तान हे सगळं लांबून बघत होता. जाताना त्याने साडूला पसंती दिली ती होडी चालवण्याबद्दल नसावी, त्या ओणवं होण्याबद्दल असावी. मला त्याने फक्त ‘गावसकर’ म्हटलं आणि अंगठा दाखवला. पोर्ट ऑफ स्पेन मला तेवढं मिळालं.

सूचना १३. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडावी.

पाचव्या रात्री जोस्ट व्हॅन डाइकच्या ग्रेट हार्बरमध्ये बांधायच्या तरंडी भरलेल्या होत्या, म्हणून आम्ही नांगर टाकला. पाणी पाच मीटर. साडूने पस्तीस मीटर साखळी सोडली. मी म्हटलं, पंचवीस पुरे. रात्री एकच्या सुमाराला वारा उठला, पाऊस आला, दोन होड्यांपलीकडे कुणीतरी ओरडू लागलं, दिवे लागले, एक होडी आडवी होऊन सरकत गेली. आमची जागची हलली नाही. मी वर आलो तर साडू आधीच बसलेले, मेहुणीची शाल पांघरून, हातात बॅटरी. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ते पाहत होते. रेषा मोडली तर नांगर घसरतोय. ते केव्हापासून बसले होते म्हणून विचारलं. ‘दहापासून,’ म्हणाले. आदल्या रात्रीही बसले होते. त्याच्या आदल्या रात्रीही. आम्ही सगळे घोरत होतो.

मी चहा केला. पुष्कळ वेळ आम्ही दोन दिवे पाहत बसलो.

‘दादा,’ ते म्हणाले, ‘त्या दुसऱ्या ट्रॉलरचं काय झालं होतं?’

हे सौ.लाही सांगितलेलं नव्हतं. मार्चअखेर होती, उद्दिष्ट गाठायचं होतं, आणि त्या माणसाने फाइलला फोटो छान लावला होता. मी बंदरावर न जाता सही केली. नंतर गेलो तेव्हा तिथे होडी नव्हतीच. फोटो कुणा दुसऱ्याच्या होडीचा होता.

साडू काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला, बॅटरी घेतली आणि साखळी बघायला पुढे गेले.